५.८ गिगाहर्ट्झच्या बोर्डावर मायक्रोस्ट्रिप घ्यावी की कोप्लेनर?

दोन थरांचा १.६ मिमी एफआर-४ (नेहमीचं काचतंतू-इपॉक्सीचं) बोर्ड आणि चिपपासून अँटेनापर्यंत ५० ओहम इंपीडन्सची (सिग्नलला जाणवणाऱ्या विरोधाची) लाइन, त्यासाठी मायक्रोस्ट्रिप (वर पट्टी, खाली ग्राउंड) घ्यावी की कोप्लेनर (पट्टीच्या दोन्ही बाजूंना त्याच थरावर ग्राउंड), असा तुमचा प्रश्न आहे. मी खाली ग्राउंड असलेली कोप्लेनर घेईन, पण व्हाया, म्हणजे दोन थर जोडणारी तांब्याचा मुलामा दिलेली भोकं, भरपूर टाकणार असाल तरच.

या जाडीवर ५० ओहमची मायक्रोस्ट्रिप जवळपास ३ मिमी रुंद होते आणि चिपची पिन असते पाव मिलिमीटरची. एवढ्याशा पॅडवरून एकदम रुंद पट्टीवर उडी मारली की थोडा सिग्नल तिथूनच मागे फिरतो. कोप्लेनरमध्ये दोन्ही बाजूंना ०.२ मिमी फट ठेवून ग्राउंड जवळ आणलं, की तेच ५० ओहम साधारण १.३ मिमीत बसतात. पिनकडे निमुळतं होत जाणंही सोपं पडतं.

आता व्हायांबद्दल, कारण इथे मी स्वतः ठेचकाळलोय. १९६९ साली सी. पी. वेन यांनी मांडलेल्या मूळ कोप्लेनर लाइनला खालचं ग्राउंड नव्हतंच. आपण ते देतो, म्हणजे वरचं आणि खालचं अशी दोन ग्राउंड होतात आणि ती जागोजागी बांधावी लागतात. माझ्या एका बोर्डावर व्हायांमध्ये १४ मिमी अंतर होतं. नेटवर्क अॅनालायझरवर (प्रत्येक वारंवारतेला किती सिग्नल पार जातो ते दाखवणाऱ्या यंत्रावर) साडेपाच गिगाहर्ट्झच्या आसपास खोल खड्डा दिसला. वरच्या ग्राउंडचा दोन व्हायांमधला तुकडा बरोबर अर्ध्या तरंगलांबीचा झाला होता आणि लाइनमधली ऊर्जा खात होता. मधोमध बारीक भोकं पाडून तांब्याची तार दोन्हीकडून सोल्डर केली, तेव्हा खड्डा वरच्या वारंवारतेकडे सरकून माझ्या वापराच्या पट्ट्याबाहेर गेला. त्या दिवसापासून मी आधी व्हाया मोजतो, मग ट्रेस (तांब्याची पट्टी) बघतो.

तुमच्या वारंवारतेला एफआर-४ मध्ये तरंगलांबी सुमारे २५ मिमी असते. तिचा दहावा भाग, म्हणजे २.५ मिमी, ही दोन व्हायांमधल्या अंतराची कमाल धरा. मी तर २ मिमीवरच टाकतो, फटीच्या काठाला जितक्या चिकटून टाकता येतील तितक्या.

महागडं लॅमिनेट (कमी सिग्नल खाणारं बोर्डाचं साहित्य) लगेच घेऊ नका. एफआर-४ च्या डायइलेक्ट्रिकमध्ये (तांब्यामधल्या विद्युतरोधक थरात) दर सेंटिमीटरला ०.१५ डेसिबलच्या घरात सिग्नल वाया जातो. लाइन दोन सेंटिमीटरची असेल तर चालून जाईल. दहाची असेल तर मात्र विचार करा.

आणि रुंदी काढताना कॅल्क्युलेटरमध्ये खालचं ग्राउंड धरलंय ना, ते तपासा. साध्या कोप्लेनरचं सूत्र लावलंत तर आकडा चुकीचा येईल.