तेहतीसला दोन मिळाले, एकतीसला नाही

निकालाच्या दिवसांत समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. ‘संस्थेने इन्क्रिमेंट निकालाला बांधलंय. पोरं अभ्यास करत नाहीत, घरी कोणी बघत नाही, आणि पगार मात्र माझा अडणार?’ विचारणारे बहुतेक विनाअनुदानित शाळांतले. पण जिल्हा परिषदेचे गुरुजीही असतात. 23 ऑक्टोबर 2017च्या शासन निर्णयाने 12 वर्षांनंतरची वरिष्ठ आणि 24 वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी शाळेच्या प्रगतीशी जोडली होती. शाळा ‘शाळासिद्धी’त, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनात, ‘अ’ श्रेणीत हवी, अशी अट. अट नंतर काढली गेली, धास्ती राहिली.

त्यातल्याच एका बाईंची ही हकीकत, त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

तालुक्याच्या गावातली मराठी माध्यमाची विनाअनुदानित शाळा. बाईंकडे नववी ‘क’चं इंग्रजी, हातात पगार 18,000. गेल्या जूनमध्ये संस्थेने एका पानाचं पत्र फिरवलं: विषयाचा वार्षिक निकाल 90 टक्क्यांच्या वर गेला तर 10 टक्के वाढ, 75 ते 90 असेल तर 5 टक्के, त्याखाली काही नाही. बाई मे महिन्यात आल्या त्या, रात्रीची झोप लागत नाही म्हणून.

पहिल्या दोन भेटी रागाच्या. तो निघू द्यावा लागतो.

“निकाल लागलाच पाहिजे, म्हणाले सर.”

“आणि तुम्ही स्वतःला काय म्हणालात?”

“तेच. लागलाच पाहिजे.”

“यातला ‘च’ कोणाचा?”

बाई जरा थांबल्या. “पत्रात टक्के होते. ‘च’ माझाच असेल.”

विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे भावनेमागचा हट्टी विचार तपासणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीत, या एका अक्षराला फार भाव आहे. निकाल चांगला लागावा, ही इच्छा झाली. लागलाच पाहिजे, नाहीतर मी कसली शिक्षिका, ही सक्ती झाली. इच्छा माणसाला कामाला लावते. सक्ती आधी झोप उडवते आणि मग हात नको तिथे नेते. बाईंचा हात कुठे गेला होता, ते तिसऱ्या भेटीत कळलं.

इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची, तोंडी 20 गुणांची. लेखीचे गुण वाढवायचे तर उत्तरपत्रिकेत खाडाखोड होते. तोंडीला कागदच नाही. वर्गात 36 मुलं, खरी पास 25, म्हणजे 69 टक्के. 75 टक्क्यांना 27 लागत होती. बाईंनी दोन मुलांच्या तोंडीत गुण वाढवले आणि महिन्याला 900 रुपयांची वाढ पदरात पडली. हे सांगताना त्या रडल्या. “नऊशे रुपयांसाठी, हो.”

अशा वेळी ‘जाऊ द्या, सगळेच करतात’ म्हणणं सोपं असतं, आणि उपदेश करणं त्याहून सोपं. विचारलं ते वेगळंच. “कोणाला वाढवलेत?”

“एकाला 33 होते, एकाला 34. एकाला दोन दिले, एकाला एक.”

“31 वाला कोणी होता?”

“होता एक. त्याला चार लागले असते. कशाला...” आणि वाक्य अर्धंच राहिलं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “त्याला जूनच्या चाचणीत 9 होते. नवाचे एकतीस केले त्याने. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.”

या प्रकरणाची किल्ली इथे होती. त्याआधीच्या दोन भेटी या प्रश्नापर्यंत येण्यासाठीच खर्ची पडल्या असं म्हटलं तरी चालेल. प्रश्न साधा होता, पण तो नेमका विचारायला सराव लागतो. अपराधीपणात बुडालेला माणूस ‘मी वाईट’ यापुढे जात नाही. ‘कोणाला?’ म्हटल्यावर बाई स्वतःला सोडून वर्गाकडे बघू लागल्या, आणि पत्रातली चूक त्यांना त्यांच्याच हातात दिसली. पगाराची रेघ 35वर ओढली की शिक्षकाची नजर 30 ते 35च्या पट्ट्यात अडकते. 9 वाला परवडत नाही, 88 वाल्याची काळजी उरत नाही. बाई लबाड नव्हत्या. रेघ जिथे होती तिथे त्या उभ्या होत्या.

पुढच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. दोन रकाने, जून आणि एप्रिल. ‘क’ची सरासरी 29वरून 41. शेजारच्या ‘अ’ची, सहकाऱ्याकडून मागून आणलेली, 64वरून 67, आणि ‘अ’च्या बाईंना पूर्ण 10 टक्के वाढ. इथे चेहरा उजळला, पण लगेच हुरळून जाऊ दिलं नाही. अगदी तळाचे गुण पुढच्या परीक्षेत थोडे आपोआपही वर येतात, कारण पहिल्या वेळी काही मुलांचा दिवसच वाईट असतो. 64च्या वर्गाला वर जायला जागाही कमी. शिवाय 36 मुलांच्या प्रगतीत 15 गुणांची पसरण, म्हणजे मुलामुलांतला नेहमीचा फरक, असेल, तर वर्गाची सरासरी नुसत्या नशिबाने अडीच गुणांनी खालीवर होते, कधी पाचांनीही. म्हणून एका वर्षाच्या तीन-चार गुणांवरून या बाई बऱ्या आणि त्या बाई भारी, असं ठरवणं पोकळ. 12 गुणांची झेप मात्र नशिबावर ढकलता येत नाही.

मग सरळ कामाचं बोलणं झालं. संस्थेकडे रडगाणं घेऊन जायचं नाही, मागण्या लिहून न्यायच्या. मोजायची ती वाढ, 35 ओलांडणाऱ्यांची संख्या नव्हे. जून आणि एप्रिलचे पेपर सारख्या काठिण्याचे हवेत. तोंडी परीक्षा दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाने घ्यावी. तुकड्या गुणांवर लावायच्या असतील तर ‘क’ दरवर्षी एकाच्याच गळ्यात नको. जूनमध्ये पटावर असलेला प्रत्येक मुलगा एप्रिलच्या हिशेबात हवा. ही शेवटची मागणी सगळ्यांत महत्त्वाची. दहावीचा निकाल चकचकीत ठेवायला नववीतल्या कच्च्या मुलाच्या बापाला बोलावून ‘17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असं सुचवण्याची रीत महाराष्ट्रात कोणाला नवी नाही. पगार निकालाला बांधला की त्या रीतीला आणखी धार येते.

मूळ पगाराचा मुद्दा वेगळा. मान्यताप्राप्त खाजगी शाळांना 1977चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि 1981ची नियमावली लागू आहे. वेतनश्रेण्या त्या नियमावलीच्या अनुसूचीत आहेत. संस्थेचं पत्र त्यापेक्षा मोठं नसतं. सही करण्याआधी हे वाचावं, नंतर नव्हे.

‘म्हणजे निकालावर पैसे देणं चूकच ना?’ असं बाईंनी विचारलं, आणि बाकीचेही विचारतातच. इथेही ‘च’ काढावा लागतो. इंग्लंडने 1862मध्ये शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालाला बांधलं, मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना ती पद्धत लागली. इंग्लंडात मुलं वाचनाचं पुस्तक अर्थ न कळता तोंडपाठ म्हणू लागली, आणि शतक सरायच्या आत ती पद्धत गुंडाळली गेली. अमेरिकेत नॅशव्हिलला 2006पासून तीन वर्षं गणिताच्या शिक्षकांना 15,000 डॉलरपर्यंत बोनस देऊन पाहिला. मुलांच्या गुणांत एकूण फरक पडला नाही. उलट आंध्र प्रदेशात 2005पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या संशोधकांनी ग्रामीण सरकारी शाळांत केलेल्या प्रयोगात दोन वर्षांत गणित आणि भाषा दोन्ही सुधारले. तिथे पगाराला हात लावला नव्हता. वर्गाच्या सरासरीतली वाढ 5 टक्क्यांच्या पुढे गेली की दर टक्क्याला 500 रुपये, आणि परीक्षा बाहेरच्यांनी घेतलेली. सरासरी बोनस वर्षाच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या आसपास. शिक्षकांची गैरहजेरी त्यामुळे घटली नाही. पण जे शाळेत येत होते त्यांनी जादा तास घेतले, गृहपाठ जास्त दिला. सरासरी मोजल्यामुळे 9 वाल्याचे वाढलेले गुणही हिशेबात येत होते.

आणि ‘हे सगळं परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी: 1882मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनीच सुचवलं होतं की जास्त मुलं पास करणाऱ्या खेड्यातल्या मास्तरांना उत्तेजन म्हणून वेगळा भत्ता द्यावा. मात्र त्यांनी मास्तरांचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, असंही सांगितलं होतं, आणि भत्ता पगाराच्या वर मागितला होता. अर्धं वाक्य उचलणारे संस्थाचालक बरेच आहेत.

बाईंनी जूनच्या सभेत कागद मांडला. दोन मागण्या मान्य झाल्या: तोंडी परीक्षा अदलाबदलीने, आणि जूनचा पट धरून हिशेब. 75ची रेघ तशीच राहिली. तुकड्यांवर ‘बघू’. मागचे वाढवलेले गुण त्यांनी मुख्याध्यापकांना स्वतःहून सांगितले. ते ऐकून म्हणाले, “आता निकालपत्रक गेलंय,” आणि विषय बदलला. झोप बरीच सुधारली आहे. वाढ या वर्षी मिळेल की नाही, सांगता येत नाही.

एकतीसवाला पुन्हा नववीत आहे, त्यांच्याच वर्गात. त्याच्या वडिलांनाही फॉर्मचं सुचवून झालं होतं. बाई घरी जाऊन आल्या. या जूनच्या चाचणीत त्याला 26 मिळाले.

“सुट्टीत पाच गळाले,” बाई वही मिटत म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत भरून काढते.”