विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या इंजिनिअरचं काम नेमकं काय असतं? कोकणातल्या घरी बसून ते करता येईल का?

मी वेंगुर्ल्याचा, या कामात दोन वर्षं झाली. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हातून कोडच्या जेमतेम चाळीस ओळी झाल्या. बाकी सगळं टेस्टिंग, रिव्ह्यू आणि कागदपत्रं.

याचं मूळ डीओ-१७८सी या विमानाच्या सॉफ्टवेअरसाठीच्या २०११ सालच्या मानकात आहे. सॉफ्टवेअर चुकलं तर परिणाम किती गंभीर, त्यावरून ए ते ई पातळ्या ठरतात. ए म्हणजे विमानच कोसळू शकतं, ई म्हणजे सुरक्षेला काही धक्का नाही. ए पातळीवर कोडमधल्या 'इफ'मधली, म्हणजे 'जर'च्या ओळीतली, प्रत्येक अट एकटीच्या जोरावर निकाल फिरवते, हे टेस्टनं दाखवावं लागतं. तीन अटी 'अँड'नं (म्हणजे 'आणि'नं) जोडलेल्या असतील तर किमान चार टेस्ट. एकदा मी 'पेक्षा मोठं'च्या जागी 'मोठं किंवा समान' टाकलं. रिव्ह्यूत सापडलं. चिन्ह बदलायला दहा सेकंद, पण टेस्ट पुन्हा चालवून नोंदी जुळवण्यात दोन दिवस गेले. कॉलेजात असं कोणी शिकवत नाही, हो!

घरून? कागदपत्रांपुरतं जमतं. पण टेस्टिंगचं हार्डवेअर लॅबमध्ये असतं, ते काय वेंगुर्ल्याला आणता येत नाही. त्यामुळे बंगळुरू, हैदराबाद किंवा पुणं गाठायची तयारी ठेवा. सी भाषा पक्की करा.

आजोळ परुळ्याचं, चिपी विमानतळाच्या शेजारी. गणपतीत गेलो की विमान उतरताना आजी विचारते, "ह्यां इमान तूच केलंस काय रे?" मी आपला मोदक खातो.