टीम हातात आलीय, आता काय वाचू?

या वेळच्या पत्रांत लीडरशिप, टीम आणि मोटिव्हेशनच्या पुस्तकांबद्दल बरेच प्रश्न होते, त्यातले चार घेतलेत. पहिल्यावर जास्त लिहिलंय कारण तीच अडचण बाकीच्या कितीतरी पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत होती.

प्रश्न: ताई, चार महिन्यांपूर्वी मला टीम लीड केलं. आठ जण आहेत, त्यातले पाच आधी माझ्या बरोबरीने काम करायचे. तेव्हापासून लीडरशिपवरची सहा पुस्तकं घेतली, दोन पूर्ण झाली, बाकीची अर्धवट. वाचताना सगळं पटतं, पण मीटिंगमध्ये मी काही विचारलं की सगळे गप्प. "चाललंय ठीक" एवढंच म्हणतात आणि डेडलाइनच्या दोन दिवस आधी कळतं की काहीच ठीक नव्हतं. अजून कुठलं पुस्तक वाचू?

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. वाईट बातमी तुमच्यापर्यंत उशिरा पोचते हे तुमचं दुखणं आहे, मग पुस्तकही त्याच दुखण्यावरचं घ्या. लीडरशिप या नावाखाली इतकं काही छापलं जातं की सगळंच थोडंथोडं पटतं आणि हाताला काही लागत नाही.

तुमच्यासाठी पहिलं नाव एमी एडमंडसन यांचं, पुस्तक 'द फिअरलेस ऑर्गनायझेशन', २०१८ चं. या बाई हार्वर्डमध्ये शिकवतात. पीएचडी करत असताना त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, औषधं देताना कुठल्या टीमकडून किती चुका होतात ते बघायचं होतं, आणि अपेक्षा साधी होती की चांगल्या टीमकडून कमी चुका होत असणार. आकडे आले ते बरोबर उलटे, चांगल्या टीम्सच्या नावावर जास्त चुका! मग खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीम्समध्ये लोक चूक झाली की सांगत होते, आणि बाकीकडे झाकत होते. त्यातूनच पुढे १९९९ मध्ये त्यांनी 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' ही कल्पना टीमच्या संदर्भात मांडली, म्हणजे इथे बोललो तर माझा अपमान होणार नाही, माझ्यावर डूख धरला जाणार नाही, हा भरवसा. तुमच्या टीमला हा भरवसा अजून आलेला नाही असं मला वाटतं, आणि त्यात तुमचा दोष असेलच असं नाही, कालचा मित्र आज तुमचं अप्रेझल लिहिणार म्हटल्यावर माणूस आपोआप जपून बोलायला लागतो.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या पहिल्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाला की आपण दिलेली तारीख जमणार नाही, आणि मी सगळ्यांसमोर त्याचे आकडे कसे चुकलेत ते समजावून सांगितलं. आवाज चढवला नव्हता, पण त्यानंतर पुढचे तीन महिने त्या खोलीत कुणीही तारखेबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तारीख हुकली, त्या मुलाचं बरोबर होतं. त्याला "बरं झालं सांगितलंस, कुठे अडेल असं वाटतंय?" एवढंच विचारायला हवं होतं.

दुसरं पुस्तक अँडी ग्रोव्ह यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट'. ग्रोव्ह म्हणजे इंटेल मोठी करणाऱ्यांपैकी एक. पुस्तक १९८३ चं आहे, उदाहरणं जुनी वाटतील, सुरुवातच मुळी उकडलेलं अंडं, टोस्ट आणि कॉफी एकाच वेळी गरम कशी द्यायची इथून होते, पण कामाचं इतकं रोखठोक पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही. त्यातलं वन-ऑन-वनवरचं, म्हणजे बॉस आणि टीममधला एकच माणूस अशा दोघांच्या मीटिंगवरचं, आधी वाचा. ग्रोव्ह म्हणतात की ही मीटिंग तुमच्या हाताखालच्या माणसाची आहे, विषय त्याने आणायचे, तुम्ही ऐकायचं, आणि निदान तासभर तरी द्यायचा, कारण खरी अडचण माणूस पहिल्या दहा मिनिटांत काढतच नाही. तुमच्या आठही जणांना दोन आठवड्यांतून एकदा असा तास देऊन बघा, वेळ जातो खरा पण डेडलाइनच्या आधी धावपळ करण्यात याच्यापेक्षा जास्त जातो.

आणि पीटर ड्रकर यांच्या 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' मधला एक प्रश्न उचला, पुस्तक १९६७ चं. ड्रकर सांगतात की हाताखालच्या लोकांना विचारा, मी असं काय करतो की ज्याने तुमचा वेळ वाया जातो आणि कामाला काही हातभार लागत नाही? हे विचारायला धीर लागतो. उत्तर आलं की लगेच खुलासा देत बसू नका, लिहून घ्या आणि त्यातली एक तरी गोष्ट पुढच्या आठवड्यात बदलून दाखवा, लोक तेच बघत असतात.

अर्धवट राहिलेली पुस्तकं तशीच राहू द्या, अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. एक प्रकरण वाचायचं, त्यातली एक गोष्ट दोन आठवडे करून बघायची आणि मगच पुढचं पान.

प्रश्न: माझ्या टीममध्ये दोन हुशार माणसं आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. भांडत नाहीत, फक्त बोलत नाहीत. टीम बिल्डिंगसाठी काही वाचायला सुचवाल का?

उत्तर: पॅट्रिक लेन्सिओनी यांचं 'द फाइव्ह डिसफंक्शन्स ऑफ अ टीम', २००२ चं. गोष्टीच्या रूपात आहे त्यामुळे दोन संध्याकाळींत संपतं, एक नवी सीईओ बिघडलेल्या टीमला कशी सावरते ती गोष्ट, आणि शेवटी थोडी थिअरी. मुद्दा असा की सगळ्यात तळाला विश्वासाचा अभाव असतो, त्यामुळे लोक उघड मतभेद टाळतात, मतभेद टाळले की निर्णय मनापासून कुणाचाच नसतो, मग एकमेकांना जाब विचारत नाहीत आणि शेवटी टीमच्या रिझल्टपेक्षा स्वतःचं बघतात. तुमचे दोघं भांडत नाहीत हे तुम्हाला चांगलं लक्षण वाटतंय का? मला तीच काळजी वाटते. पुस्तकात एक साधा प्रकार आहे, प्रत्येकाने आपलं लहानपण, भावंडं, पहिली नोकरी याबद्दल थोडंसं सांगायचं. ऐकायला पोरकट वाटेल, पण वर्षभर शेजारी बसणाऱ्या माणसांना एकमेकांबद्दल किती कमी माहिती असतं हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

प्रश्न: जिम कॉलिन्सचं 'गुड टू ग्रेट' सगळे सुचवतात. वाचावं का?

उत्तर: वाचा, पण डोळे उघडे ठेवून. २००१ मधल्या या पुस्तकात ११ कंपन्या निवडून त्या चांगल्याच्या उत्तम कशा झाल्या ते मांडलंय. त्यातली सर्किट सिटी ही अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक्स दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी फॅनी मे ही गृहकर्जांच्या धंद्यातली कंपनी तिथल्या सरकारला ताब्यात घ्यावी लागली. म्हणून पुस्तक टाकाऊ होत नाही, आधी योग्य माणसं जमवा आणि मग दिशा ठरवा हा त्यातला विचार मला आजही उपयोगी पडतो. फक्त सोबत फिल रोझेनझ्वाइग यांचं 'द हेलो इफेक्ट' (२००७) वाचा. कंपनी जोरात असली की तोच बॉस धाडसी ठरतो आणि घसरली की तोच उद्धट, असं ते दाखवतात, आणि ते वाचल्यावर यशाच्या गोष्टी तुम्ही वेगळ्या नजरेने वाचायला लागाल.

प्रश्न: मोटिव्हेशनची पुस्तकं वाचली की दोन दिवस एकदम भारी वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षभर हेच चाललंय. आता तर सकाळी उठून कामाला बसायचीच इच्छा होत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर: नाही हो, असं समजू नका. जोश हा उतरणारच, त्याच्या भरवशावर काम बांधलं की असंच होतं. जेम्स क्लिअर यांचं 'अटॉमिक हॅबिट्स' (२०१८) एवढ्यासाठीच आवडतं की ते जोश मागतच नाही, नवी सवय दोन मिनिटांत होईल इतकी लहान करा म्हणतं. उघडून बसायचं, एक ओळ लिहायची, झालं. मराठीतही मिळतं.

पण तुमची तक्रार सवयीपेक्षा खोल वाटतेय. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग मांडला होता, कोडी सोडवायला आवडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना प्रत्येक कोड्याचे पैसे दिले, आणि पैसे थांबल्यावर त्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं कमी केलं. डॅनियल पिंक यांच्या 'ड्राइव्ह' (२००९) मध्ये हा धागा पुढे नेलाय, माणसाला आपल्या कामावर थोडा ताबा हवा असतो, त्यात आपण तरबेज होतोय असं जाणवायला हवं असतं, आणि त्या कामाला काही अर्थ हवा असतो. यातलं तुमच्याकडे नेमकं काय आटलंय ते वहीत लिहून काढा. ताबा गेला असेल तर वरिष्ठांशी बोलावं लागेल, तिथे पुस्तक पुरणार नाही. आणि ही मरगळ कामापुरती नसेल, झोप, जेवण, माणसं सगळ्यातूनच मन उडालं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, यात संकोच अजिबात नको.

त्यानंतर व्हिक्टर फ्रँकल यांचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग', हेही मराठीत आहे. हे मोटिव्हेशनच्या शेल्फवर ठेवतात पण तसं ते नाही. फ्रँकल मानसोपचारतज्ज्ञ होते, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परत आले आणि १९४५ मध्ये अवघ्या नऊ दिवसांत त्यांनी हे लिहिलं, नावसुद्धा द्यायचं नव्हतं त्यांना. कुठेही "तुम्ही करू शकता" असं ओरडून सांगत नाहीत, काय काय पाहिलं ते सांगतात आणि सगळं हिरावलेल्या माणसाकडेही काय उरतं ते शोधतात. पुस्तक लहान आहे, पहिला भाग एका बैठकीत होतो, पण रात्री झोपताना नका घेऊ. सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.