जुन्या नोंदींचा ताळा

(वाचकांचे प्रश्न. या वेळी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या जुन्या आकडेवारीविषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : गेली काही वर्षे मी मेलबर्नमध्ये राहतो. मुलामुळे मलाही येथील फुटबॉलचा नाद लागला. १९२०च्या दशकातील एका खेळाडूच्या कारकिर्दीतील गोलांची संख्या मला दोन ठिकाणी एका गोलाच्या फरकाने दिलेली आढळली. गोल तर हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. मग त्याच्या नोंदीत चूक होतेच कशी?

उत्तर : गोल झाला की नाही, याबद्दल जुन्या नोंदींत सहसा वाद नसतो. तो कोणी केला, याबद्दल असतो. या खेळात मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारला की सहा गुण मिळतात आणि बाजूच्या फटीतून गेला की ‘बिहाइंड’चा एक गुण मिळतो. गोल अंपायर त्याप्रमाणे दोन किंवा एक झेंडा हलवतो आणि हातातील कार्डावर त्या संघापुढे खूण करतो. खेळाडूच्या नावाशी त्या कार्डाला काही कर्तव्य नसते. त्यामुळे संघाची धावसंख्या म्हणावी तशी गुणसंख्या पक्की राहिली, पण कोणाच्या नावावर किती गोल हे पत्रकार कक्षातून मैदानाकडे पाहणाऱ्या वार्ताहरावर अवलंबून राहिले. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७चा आणि खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक आले ते १९१२ मध्ये. म्हणजे पहिली पंधरा वर्षे, हिवाळ्याच्या पावसात आणि चिखलात माखलेल्या छत्तीस ते चाळीस माणसांमधून नेमका कोण, हे वार्ताहराने चेहऱ्यावरून आणि चालीवरून ओळखायचे होते.

चूक सापडते ती बहुधा साध्या बेरजेतून. समजा, वर्तमानपत्रात एका संघाची गुणसंख्या ११.१४ (८०) अशी छापली आहे. अकरा गोलांचे सहासष्ट आणि चौदा बिहाइंडचे चौदा मिळून ऐंशी होतात, म्हणजे इथवर ताळा जुळला. त्याच बातमीखाली गोल करणाऱ्यांची यादी असते : एकाचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन, चौथ्याचा एक. बेरीज दहा. अकरावा गोल अधांतरी लोंबकळतो. आता दुसरे वर्तमानपत्र काढायचे, आणि त्यात चौथ्याच्या नावापुढे दोन असतील तर काम झाले असे वाटते. पण तिसऱ्या पत्रात पाचवेच नाव निघाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे गोल काही संकलकांनी सर्वाधिक गोल करणाऱ्याच्या पदरात टाकले, तर काहींनी मोकळे ठेवले. आपल्याला दिसलेला एकाचा फरक अशाच एखाद्या ठिकाणचा असण्याची शक्यता आहे.

भावांच्या जोड्या हा त्याहून नाजूक प्रकार आहे. १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे विजेतेपद मिळवणाऱ्या कॉलिंगवुड संघात सिड आणि गॉर्डन हे दोन कॉव्हेंट्री होते, तसेच अल्बर्ट आणि हॅरी हे दोन कॉलियर होते. बातमीत नुसते ‘कॉलियर’ एवढेच छापलेले असेल तर बेरीज बरोबर येऊनही नोंद चुकलेली असू शकते, आणि ही चूक ताळ्याने कधीच सापडत नाही. गॉर्डन कॉव्हेंट्रीने १,२९९ गोल केल्याची नोंद आहे. तो विक्रम बासष्ट वर्षे टिकला. ६ जून १९९९ रोजी सिडनीच्या मैदानावर टोनी लॉकेटने आपला १,३००वा गोल केला तेव्हा प्रेक्षकांचा लोंढा मैदानात घुसला. कॉव्हेंट्रीच्या बेरजेत एक गोल जरी इकडचा तिकडे असता, तरी तो लोंढा वेगळ्याच गोलाला आत आला असता. एका गोलासाठी आठवडेच्या आठवडे घालवणाऱ्या नोंदकर्त्यांना जे लोक हसतात, त्यांना मी हे उदाहरण सांगतो.

प्रश्न : १९ ऑगस्ट २०२३च्या सामन्यात अ‍ॅडलेडच्या बेन कीजने मारलेला चेंडू खांबाला लागला असे गोल अंपायरने ठरवले आणि बिहाइंड दिला. चित्रफितीत तो गोल असल्याचे दिसत होते. सिडनी एका गुणाने जिंकली. लीगने चूक कबूल केली, क्षमाही मागितली. मग कीजच्या नावावर तो गोल अजून का चढवला जात नाही? ही तर उघड उघड नोंदीतील चूक आहे.

उत्तर : नाही, नेमका येथेच गोंधळ होतो. ही निर्णयातील चूक आहे, नोंदीतील नव्हे. अंपायरने बिहाइंड दिला आणि वहीत बिहाइंड लिहिला गेला, त्यामुळे वहीने आपले काम चोख केले. अ‍ॅडलेडच्या समर्थकांचा संताप मी समजू शकतो, कारण त्या निकालाबरोबर त्यांची अंतिम फेऱ्यांची आशाही गेली. परंतु अंपायरचे निर्णय मागाहून फिरवायचे ठरवले, तर चित्रफीत उपलब्ध असलेल्या काळातील खेळाडूंना एक न्याय आणि त्यापूर्वीच्यांना दुसरा न्याय असे होईल. याची उलट बाजूही पाहावी. २००९च्या ग्रँड फायनलमध्ये जिलाँगच्या टॉम हॉकिन्सचा चेंडू खांबाला चाटून गेल्याचे चित्रफितीत दिसले होते. अंपायरने मात्र गोल दिला, आणि तो आजही हॉकिन्सच्या खात्यात आहे. जिलाँगने तो सामना बारा गुणांनी जिंकला. कीजला गोल द्यायचा, तर हॉकिन्सचा काढून घ्यावा लागेल.

मग निकाल कधीच बदलत नाही का, असे आपण विचाराल. बदलतो, पण कारण वेगळे लागते. ३० एप्रिल २००६ रोजी लाँसेस्टन येथे फ्रीमँटल एका गुणाने पुढे असताना सामना संपल्याचा सायरन वाजला, परंतु तो अंपायरांच्या कानी न पडल्यामुळे खेळ चालू राहिला आणि त्या वाढीव क्षणांत सेंट किल्डाच्या स्टीव्हन बेकरला बिहाइंड मिळून सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांतच लीगने तो बिहाइंड रद्द करून फ्रीमँटलला ९४ विरुद्ध ९३ असे विजयी घोषित केले. येथे प्रश्न अंपायरच्या नजरेचा नव्हता, वेळेचा होता. वेळ संपल्यावर जे घडले ते सामन्यात घडलेच नाही, असा तो युक्तिवाद.

गंमत अशी की सेंट किल्डाने त्याच्या १०६ वर्षे आधी याच युक्तिवादाचा लाभ घेतला होता. लीगमधील पहिले अठ्ठेचाळीस सामने ओळीने हरलेल्या या क्लबचा १९००च्या पहिल्या फेरीतील मेलबर्नविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला होता. तिसरे सत्र संपल्याची घंटा झाल्यानंतर मेलबर्नला एक बिहाइंड मिळाला होता, अशी तक्रार सेंट किल्डाने केली. ती मान्य झाली आणि क्लबला इतिहासातला पहिला विजय कागदावर मिळाला.

प्रश्न : १९७०च्या दशकातील नामवंत खेळाडूंच्या पुढे ‘टॅकल’च्या (चेंडू घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याला पकडून अडवण्याच्या) रकान्यात एके ठिकाणी शून्य आणि दुसरीकडे रेघ दिसते. बरोबर काय?

उत्तर : रेघ. किक, मार्क (लाथाडलेल्या चेंडूचा झेल) आणि हँडबॉल (मुठीने मारून दिलेला चेंडू) यांची पद्धतशीर मोजदाद १९६५ पासून मिळते, टॅकलची १९८७ पासून. न मोजलेल्याला शून्य लिहिणे ही माझ्या मते सर्वांत वाईट चूक आहे, कारण ती चूक वाटतच नाही. सरासरी काढणारा ते शून्य निमूटपणे बेरजेत घेतो.

प्रश्न : एकाच नावाचे दोन खेळाडू असतील तर त्यांच्या नोंदी कशा वेगळ्या करतात?

उत्तर : सर्वांत परिचित जोडी म्हणजे मेलबर्न क्लबचे रॉन बरासी, पिता आणि पुत्र. वडील १९४०च्या विजेत्या संघात होते आणि १९४१ मध्ये तोब्रुक येथे युद्धात मारले गेले. मुलगा पुढे त्याच क्लबकडून, तोच ३१ क्रमांक घालून खेळला. येथे वर्षांचे अंतर मोठे असल्यामुळे घोटाळा होत नाही. अडचण येते ती एकाच दशकात वेगवेगळ्या क्लबांकडून खेळलेल्या, फक्त आडनाव आणि आद्याक्षर माहीत असलेल्या दोघांची. ते दोघे की एकच माणूस क्लब बदलून गेलेला? अशा वेळी खेळाची पाने बाजूला ठेवून जन्ममृत्यूची नोंदणी, सैनिकी सेवापत्रे आणि निधनवार्ता पाहाव्या लागतात. काही जण टोपणनावाने खेळले, ते तर आणखीच निराळे.

प्रश्न : १९३०चे ब्राउनलो पदक (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला अंपायरांच्या मतांवरून मिळणारे) आज तिघांच्या नावावर दिसते, पण जुन्या छापील याद्यांत एकच नाव आहे. ही दुरुस्ती मानावी काय?

उत्तर : दुरुस्ती म्हणू नये. १९३० मध्ये अंपायर प्रत्येक सामन्यात एकाच खेळाडूला मत देत असे. रिचमंडचे स्टॅन जडकिन्स, कॉलिंगवुडचे हॅरी कॉलियर आणि फुटस्क्रेचे ॲलन हॉपकिन्स यांना प्रत्येकी चार मते मिळाली आणि सर्वांत कमी सामने खेळले म्हणून पदक जडकिन्स यांना देण्यात आले. मोजणीत काही चुकले नव्हते. बरोबरी सोडवण्याचा नियमच पुढे लोकांना पटेनासा झाला. १९८१ मध्ये बॅरी राउंड आणि बर्नी क्विनलन यांना पदक विभागून मिळाले, तेव्हा जुन्यांवर अन्याय झाल्याची भावना बळावली, आणि १९८९ मध्ये लीगने पूर्वी असे हुकलेल्यांना एकूण आठ पदके दिली. कॉलियर आणि हॉपकिन्स त्यांतील दोघे. चांगल्या नोंदवहीत या नावांपुढे ‘१९८९ मध्ये प्रदान’ असा शेरा असतो. तो शेरा गाळला तर वाचकाला वाटेल की १९३०च्या त्या हंगामानंतर तिघांनी एकत्र पदक स्वीकारले.

त्याच वर्षाची दुसरी नोंद मला अधिक खटकते. कॉलिंगवुडचे प्रशिक्षक जॉक मॅकहेल यांच्या नावावर आठ विजेतेपदे आहेत, परंतु १९३०च्या ग्रँड फायनलच्या दिवशी ते आजारी पडून घरी होते आणि त्यांची जागा क्लबचे खजिनदार बॉब रश यांनी सांभाळली. आकडा आठच राहावा, कारण संघ मॅकहेल यांनीच घडवला होता. पण रश यांच्या नावाचा एका ओळीचा शेरा तरी हवाच.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या आजोबांनी १९३०च्या दशकात या लीगमध्ये काही सामने खेळले होते. घरच्या वहीप्रमाणे त्यांचे सामने छापील संख्येपेक्षा एकाने जास्त भरतात. एका सामन्याचे कात्रण सोबत जोडले आहे. दुरुस्ती कशी मागावी?

उत्तर : प्रथम कात्रण कोणत्या दिवसाचे आहे ते पाहा. शुक्रवारी छापली जाई ती निवडलेल्या संघाची यादी. शनिवारी सकाळी कोणी लंगडत आला तर त्याच्या जागी दुसराच उतरे. मैदानावर विकली जाणारी ‘फुटबॉल रेकॉर्ड’ ही पुस्तिकाही सामन्याआधीच छापलेली असे, म्हणून तिच्यातील नाव आणि क्रमांक हा खेळल्याचा पुरावा होत नाही. शिवाय १९३० पासून एकोणिसावा खेळाडू राखीव म्हणून बाकावर बसू लागला. त्याचे नाव संघासोबत छापले जाई, पण तो मैदानात उतरला की दिवसभर कोट घालून बसून राहिला, हे बातमीतील एखाद्या वाक्यावरूनच कळते. एका सामन्याला किती किंमत असते पाहा : रिचमंडचे जॅक टायटस सलग २०२ सामने खेळले, आणि त्या मालिकेतील एखादा सामना ते बाकावरच होते असे सिद्ध झाले असते तर विक्रमाचे दोन तुकडे झाले असते.

मग स्वतंत्र असे दोन पुरावे जमवा. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘द ऑस्ट्रेलेशियन’ हे ‘द आर्गस’चेच साप्ताहिक होते आणि ‘द लीडर’ हे ‘द एज’चे, त्यामुळे या जोड्यांतील दोन्ही पत्रांत एकच मजकूर असेल तर तो एकच साक्षीदार समजावा. ‘आर्गस’ आणि ‘एज’ यांचे मात्र एकमत झाले, तर त्याला वजन आहे. शनिवारी संध्याकाळी गुलाबी कागदावर निघणारे ‘स्पोर्टिंग ग्लोब’ही पाहावे, पण ते घाईत जुळवलेले असे, हे ध्यानात ठेवून. ही जुनी पत्रे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात घरबसल्या वाचता येतात. तेथे यंत्राने ओळखलेल्या मजकुरावर विसंबू नका; पुसट छपाईतील तीनाचा आठ आणि एकाचा सात होणे नेहमीचे आहे. मूळ पानाचे चित्र मोठे करून पाहा.

दुरुस्तीच्या पत्रात एका वेळी एकच सामना घ्या. वर्ष, फेरी, मैदान, प्रतिस्पर्धी, सध्याची नोंद, आपली नोंद आणि दोन्ही पानांच्या प्रती, एवढे पुरे. आजोबा किती मोठे खेळाडू होते, हे त्यात लिहू नका. आपल्या विरोधात जाणारा पुरावा सापडला असेल तर तोही जोडा, कारण तपासणाऱ्याला तो सापडणारच आहे.

आपण पाठवलेल्या कात्रणात वरची कड कापली गेल्याने तारीख दिसत नाही, आणि संघाच्या यादीखाली ‘उद्या’ हा शब्द अर्धवट वाचता येतो. तो खरोखर ‘उद्या’च असेल, तर हे शुक्रवारचे पान आहे. सोमवारचे शोधा.