किडनीत गाठ निघाली, आता पुढं काय? : वाचकांची पत्रं

मागच्या अंकात किडनीच्या आजारांवर लेख आला होता, त्यावर जी पत्रं आणि मेल आले त्यातले बरेचसे किडनीच्या कॅन्सरबद्दलच निघाले. चार निवडलेत, नावं काढून टाकलीत. मी डॉक्टर नाही. कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं, त्यांच्यासोबत बसणं हे माझं काम आहे, त्यामुळं औषध कुठलं घ्यायचं ते मी सांगणार नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि घरात काय बोलायचं ते मनापासून सांगेन.

ताई, माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आत्ताच ५८ ला रिटायर झाले. पित्ताचा त्रास म्हणून सोनोग्राफी केली तर पित्ताशय राहिलं बाजूला आणि डाव्या किडनीत गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ५.५ सेंमी आली, किडनीच्या बाहेर गेलेली नाही म्हणाले. डॉक्टर म्हणतात कॅन्सरच वाटतोय, ऑपरेशन करून टाका, बायोप्सी नको. बायोप्सी न करता असं कसं ठरवतात? एका किडनीवर बाबांना डायलिसिस लागेल का? आणि काका, आत्या म्हणतात त्यांना फक्त 'मुतखडा आहे' असं सांगायचं. मला ते जमत नाहीये. (सातारा)

अगं, आधी बायोप्सीचं बघू, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो आणि लोकांना वाटतं डॉक्टर घाई करतायत. किडनीच्या बाबतीत शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन (त्यानं गाठ उठून दिसते) केलेल्या सीटीमध्ये गाठ कशी दिसते, तिच्यात रक्तपुरवठा किती आहे यावरून अनुभवी डॉक्टरांना बराच अंदाज येतो, म्हणून गाठ काढायचीच असेल तर पुष्कळदा आधी सुई टोचत नाहीत, काढल्यावर पॅथॉलॉजीत तपासतात. लहान गाठींपैकी काही तर तपासल्यावर साध्याच निघतात. तुला शंका असेल तर सीटीची सीडी घेऊन दुसऱ्या युरोसर्जनचं मत घे, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही, चांगले डॉक्टर स्वतःच घ्या म्हणतात.

दुसरं म्हणजे बाबांची गाठ अशी दुसऱ्याच कारणानं सापडली याचं नवल वाटून घेऊ नकोस. किडनीचे अर्ध्याहून जास्त कॅन्सर हल्ली असेच सापडतात. लघवीतून रक्त, कंबरेत एका बाजूला दुखणं, पोटात हाताला लागणारी गाठ ही जुन्या पुस्तकातली लक्षणं यायला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ७ सेंमीपर्यंतची आणि किडनीच्या आतच असलेली गाठ म्हणजे पहिली स्टेज. अमेरिकेतल्या नोंदी बघितल्या तर कॅन्सर किडनीपुरताच असताना सापडला की ५ वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असते हे मान्य, तरीही तुम्ही आत्ता जिथं उभे आहात ती जागा खूप बरी आहे, हे मी तुला धीर द्यायचा म्हणून सांगत नाहीये, ते खरंच तसं आहे.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचार, की पूर्ण किडनी काढावी लागेल का नुसता गाठीचा भाग काढून बाकीची वाचवता येईल. त्याला पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. ४ सेंमीपर्यंत तर शक्य असेल तिथं तेच करतात, ५.५ ला पण गाठ कुठल्या जागी आहे त्यावर जमू शकतं. आणि पूर्ण काढावी लागलीच तरी, किडनीदान करणारी आई किंवा बहीण पुढं एकाच किडनीवर आयुष्य काढतेच ना? दुसरी किडनी चांगली असेल तर डायलिसिस लागायची शक्यता कमी असते. ऑपरेशनच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी, बघतीलच. नंतर जपायचं ते बीपी आणि शुगर, आणि दुखलं की मेडिकलमधून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक आणून घ्यायची सवय बंद. तंबाखू, बिडी सिगरेट असेल तर तीही आजपासून.

आता 'मुतखडा'. काका आणि आत्यांचं प्रेम आहे म्हणूनच ते असं म्हणतायत, त्यांच्याशी भांडू नकोस. पण विचार कर, बाबा संमतीपत्रावर सही करणार, वॉर्डात शेजारच्या कॉटवरचा माणूस विचारणार तुम्हाला कुठला कॅन्सर, पुढं कित्येक वर्षं फॉलोअपला जावं लागणार, आणि आयुष्यभर बसभर माणसांचे चेहरे वाचलेल्या माणसाला घरातले चेहरे वाचता येणार नाहीत का? त्यांना कळतंच गं. फक्त सगळे लपवतायत म्हटल्यावर ते मग कुणालाच काही विचारत नाहीत आणि एकटेच घाबरत बसतात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय. सगळं एका दमात सांगायची पण गरज नाही. एवढंच विचार, 'बाबा, रिपोर्टमध्ये काय आलंय ते तुम्हाला सगळं ऐकायचंय का मी आणि डॉक्टर बघून घेऊ?' जेवढं ते विचारतील तेवढंच खरं सांग. गाठ आहे, किडनीतच आहे, काढता येतेय, ही तीन वाक्यं खरी आहेत आणि त्यात लपवण्यासारखं काही नाहीये.

नमस्कार ताई, मी ४६ वर्षांचा, आयटीआयमध्ये शिकवतो. किडनीचा कॅन्सर दोन्ही फुफ्फुसांत गेलाय, स्टेज ४. इम्युनोथेरपीचं इंजेक्शन आणि रोज अ‍ॅक्सिटिनिबच्या गोळ्या चालू झाल्यात. रात्री झोप लागत नाही म्हणून मोबाईलवर वाचत बसतो, कुठं वर्षभर लिहिलंय, कुठं त्याहून कमी. मुलगी दहावीला आहे. आशा ठेवायची म्हणतात सगळे, पण कशाच्या जोरावर ठेवायची ते कुणी सांगत नाही. (नाशिक)

दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. प्रश्न अगदी योग्य आहे आणि उत्तर पण तसंच सरळ द्यायचा प्रयत्न करते.

तुम्ही जे रात्री वाचताय ते कुठल्या सालचं आहे ते बघितलंत का? हे फार महत्त्वाचं आहे, कारण या आजाराइतकी उलथापालथ थोड्याच कॅन्सरमध्ये झालीय. नेहमीची केमोथेरपी या कॅन्सरला जवळजवळ लागूच पडत नाही. २००५ पर्यंत डॉक्टरांच्या हातात इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-२ ही जुनी औषधं सोडून फारसं काही नव्हतं, थोड्या लोकांना फायदा व्हायचा आणि त्रास मात्र बहुतेकांना, वर्षभराचे ते आकडे त्या काळातले आहेत. २००५-०६ मध्ये सोराफेनिब आणि सुनिटिनिब आल्या, गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या बनू न देणाऱ्या गोळ्या. सुनिटिनिबच्या पहिल्या मोठ्या अभ्यासातच मध्यावरचा आकडा, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो, २६ महिन्यांवर गेला. मग २०१५ मध्ये निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाला या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१८ ला दोन इम्युनोथेरपी औषधं एकत्र, आणि २०१९ ला इम्युनोथेरपी अधिक अ‍ॅक्सिटिनिब, तीही रक्तवाहिन्या रोखणारीच गोळी, म्हणजे तुम्हाला जी चालू आहे त्याच पद्धतीची ट्रीटमेंट. दोन इम्युनोथेरपी औषधांच्या त्या अभ्यासात जवळपास ११०० पेशंट होते, त्यातल्या हा उपचार मिळालेल्या गटात ५ वर्षांनी सुमारे ४८ टक्के लोक हयात होते. स्टेज ४ ची माणसं, पाच वर्षं! तुमचं औषध थोडं वेगळं आहे म्हणून हाच आकडा तुम्हाला चिकटवत नाही, पण तुम्ही वाचताय त्यापेक्षा काळ किती पुढं आलाय ते यातून कळतं.

याच्या मागचं विज्ञान पण मला तुम्हाला सांगावंसं वाटतं, तुम्ही शिकवता म्हणून. इम्युनोथेरपी ज्या शोधावर उभी आहे त्याला २०१८ चं नोबेल मिळालं, अ‍ॅलिसन आणि होंजो यांना. आणि पुढच्याच वर्षी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना मिळालं ते पेशीला ऑक्सिजन कमी पडतोय हे कसं कळतं या शोधाबद्दल, ज्यात व्हीएचएल नावाचा जीन मध्यवर्ती आहे, आणि किडनीच्या कॅन्सरच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या क्लिअर सेल प्रकारात बहुतेक वेळा हाच जीन बिघडलेला असतो. त्या वाटेनं बेलझुटिफॅन नावाची गोळी निघाली, २०२३ च्या शेवटी अमेरिकेत पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी मान्य झाली, ज्यांना आधीची औषधं देऊन झालीत अशांसाठी. म्हणजे आत्ता जे चालू आहे त्याच्या मागं अजून एक दोन दारं आहेत. आशा कशाच्या जोरावर विचारलंत ना, माझ्या मते याच्या.

पण अर्धे हयात होते म्हणजे अर्धे नव्हते, हे पण मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुम्ही कुठल्या बाजूला हे आज कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टर पण नाही. अंदाज थोडा नेमका करता येतो. पुढच्या वेळी विचारा, 'माझा रिस्क ग्रुप कुठला?' आजाराचं निदान झाल्यापासून औषध चालू होईपर्यंत वर्ष गेलंय का, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, प्लेटलेट, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि रोजची कामं किती जमतात अशा सहा गोष्टींवरून तो ठरतो. क्लिअर सेल आहे का दुसरा प्रकार तेही विचारा. स्टेज ४ ला प्रत्येक वेळी आधी किडनी काढतातच असं नाही, २०१८ च्या एका फ्रेंच अभ्यासानंतर बऱ्याच पेशंटना आधी औषधच देतात, तेव्हा 'ऑपरेशन नाही म्हणाले म्हणजे हात टेकले' असं समजू नका.

आणि रोजचं. तळहात तळपाय लाल होऊन सोलायला लागले तर युरियावालं क्रीम, मऊ चप्पल, सुती मोजे, आणि लवकर सांगा, डोस थोडा थांबवून परत चालू करता येतो. बीपी घरी मोजून वहीत लिहा. खूप जुलाब, धाप, एकदम गळून गेल्यासारखं वाटणं याकडं 'औषधाचं असेल' म्हणून दुर्लक्ष करू नका, इम्युनोथेरपीत स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतडं, फुफ्फुस, थायरॉईडवर उलटू शकते, लवकर कळलं तर आवरता येतं. त्याच दिवशी फोन करायचा. थकव्यासाठी थायरॉईड तपासून घ्या, कित्येकांचा निम्मा थकवा तिथंच असतो.

मुलीला सांगा दादा. दहावीचं वर्ष आहे म्हणून लपवलं तर ती अभ्यास करेल असं वाटतं, पण दार लावून कुजबुज चाललेल्या घरात अभ्यास होत नाही. तिला सांगा की आजार मोठा आहे, औषध चालू आहे, काही बदललं तर तुला आम्हीच सांगू, दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही. हे शेवटचं पाळा मात्र.

माझ्या मिस्टरांना डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलंय, त्याचा खर्च ऐकून आम्ही परत आलो. थोडी शेती आहे ती विकू का? (लातूर)

ताई, शेती विकायचा निर्णय आत्ता नको, हात जोडून सांगते. आधी इतकं करा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो त्याच्याकडं रेशनकार्ड, आधार घेऊन जा आणि सांगितलेली ट्रीटमेंट बसते का ते स्पष्ट विचारा. इम्युनोथेरपीचं इंजेक्शन पुष्कळदा बसत नाही. मग डॉक्टरांना न लाजता म्हणा, एवढं आम्हाला झेपणार नाही, आमच्या ऐपतीतलं सगळ्यात चांगलं काय? सुनिटिनिब, पाझोपानिब या गोळ्यांचे भारतीय जेनेरिक ब्रँड मिळतात, इंजेक्शनपेक्षा खूप स्वस्त आहेत आणि त्यांच्यावर पण माणसं वर्षानुवर्षं राहिलीत. कंपनीची पेशंटसाठी सवलत योजना आहे का तेही विचारा.

मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणार असाल तर तिथल्या सोशल वर्क विभागात पहिल्याच दिवशी जा, पैसे संपल्यावर नाही. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथं चौकशी करा, खोली लगेच मिळेलच असं नाही. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. सगळे कागद एका फाईलमध्ये, तारखेप्रमाणं, आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स.

दोन वर्षांपूर्वी माझी एक किडनी काढली, तेव्हापासून सगळे स्कॅन क्लिअर आहेत. तरी स्कॅनची तारीख जवळ आली की पंधरा दिवस आधीपासून जेवण जात नाही. सासूबाई परत होऊ नये म्हणून एक काढा देतात, तो घेऊ का? (डोंबिवली)

स्कॅनची भीती वेडेपणा नाही. हा कॅन्सर परत आला तर बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत येतो, क्वचित दहा वर्षांनी पण येतो, म्हणून तर फॉलोअप इतका लांब असतो, तेव्हा तुमच्या भीतीला कारण आहे आणि 'काही होत नाही गं' म्हणून ती जात नाही. स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यात कमीत कमी दिवस जातील अशी अपॉइंटमेंट मागून घ्या, रिपोर्ट एकटीनं मोबाईलवर उघडू नका. त्या पंधरवड्यात घरच्यांना सांगून ठेवा की माझं चित्त थाऱ्यावर नसणार. तरीही जेवण जात नसेल तर समुपदेशक गाठा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

काढ्याचं मात्र नाही म्हणेन. त्यात काय काय आहे ते ना सासूबाईंना पूर्ण माहीत असतं ना देणाऱ्याला सांगायचं असतं, काही भस्मांमध्ये शिसं, पारा सापडलेला आहे, काही वनस्पती थेट किडनीला इजा करतात, आणि तुमच्याकडं एकच किडनी आहे. घटक लिहिलेले असतील तर ती बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढं ठेवा. सासूबाईंना सोबत घेऊन जा, त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे, सुनेनं नाही म्हटलं असं होणार नाही. आणि त्यांना काहीतरी करायचंय ना तुमच्यासाठी, तर जेवणातलं मीठ कमी करायचं काम त्यांच्याकडं द्या आणि संध्याकाळी अर्धा तास चालायला त्यांनाच सोबत न्या.