बंदुकीची दारू, तिचा बार आणि तोळाभर गोळी

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. तिकडे त्यांना हरणाच्या शिकारीचा नाद लागला, त्यापाठोपाठ रायफलची काडतुसे घरीच भरण्याचाही लागला, आणि आता एका दिवाळी अंकासाठी त्यावर मराठीत लेख लिहायला घेतला तर पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली. 'गनपावडर'ला काय म्हणायचे? 'दारू' लिहिले तर लोक हसतील, असे घरच्यांचे मत पडले. म्हणून त्यांनी लिहिले ते असे: "जड गोळीसाठी कमी ताकदीची बंदूक-भुकटी निवडावी आणि ती पन्नास दाणे घ्यावी."

या एका वाक्यात तीन शब्द घसरले आहेत. त्यातले दोन नुसते कानाला खटकतात असे नाही, वाचून कुणी तसे करायला गेला तर हात गमावेल.

आधी 'दारू'. हसणारे हसोत, शब्द तोच आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत 'शिकारखाना' आहे आणि 'दारूखाना'ही आहे, आणि त्या दारूखान्यात मद्याची पिंपे नव्हती. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात आज जुनी जहाजे तोडतात, पण नाव दारूच्या कोठाराचेच. खडकीचा १८६९ सालचा कारखाना वर्तमानपत्रांत अजून 'दारूगोळा कारखाना' म्हणूनच येतो. तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री जे चालते त्याला लोक 'दारूकाम' म्हणतात, आणि ते ऐकून कुणाच्या भुवया वर जात नाहीत.

मूळ फारसी 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ शाबूत आहे. आजारी माणसाची दवादारू करतात तेव्हा त्याला कुणी पाजत नाही. औषधावरून मद्याकडे गेलेली वाट समजायला सोपी आहे. बंदुकीकडे गेलेली वाट चमत्कारिक वाटते, पण चिनी भाषेत या मिश्रणाला 'हुओयाओ' म्हणतात: हुओ म्हणजे आग, याओ म्हणजे औषध. किमयागारांच्या औषधी खटाटोपातून निघालेल्या वस्तूला 'आगीचे औषध' म्हणणे स्वाभाविकच होते. (देवदारातला संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड. त्याचा इथे काही संबंध नाही. जुन्या दारूत लाकडाचा कोळसा पडत असे, हा योगायोग.) हिंदीतला 'बारूद' आपल्याकडे चित्रपटांमुळे आला आहे, पण मराठी वाक्यात तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

तेव्हा लेखात पहिल्यांदा 'बंदुकीची दारू' लिहावे आणि पुढे बिनधास्त नुसते 'दारू'. 'भुकटी' नको, कारण ही वस्तू भुकटी नाहीच. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू निदान भरड पुडीसारखी दिसते. रायफलच्या काडतुसात आज भरतात ती फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हिएलने काढलेल्या बिनधुराच्या दारूच्या वंशातली. ती नायट्रोसेल्युलोजची, आणि रायफलची पुष्कळशी दारू बारीक काड्यांच्या रूपात येते. ओला लगदा साच्याच्या भोकांतून दाबून काढायचा आणि त्याचे तुकडे करायचे. थोडक्यात, शेव. जुन्या दारूला सोरा लागे, नव्या दारूला सोऱ्या लागतो, असे म्हणायचा मोह मला आवरत नाही. 'धूम्रविरहित प्रणोदक' कुणी सुचवले तर नम्रपणे नकार द्या. 'बिनधुराची दारू' पुरे.

आता 'दाणे'. हा घोटाळा इंग्रजी 'ग्रेन' शब्दाने केला आहे. ग्रेन म्हणजे दाणा हे खरे, पण इथे ते वजन आहे. धान्याच्या दाण्यावरूनच ठरलेले, जशी आपली गुंज. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आणि ७,००० ग्रेनचा एक पौंड. पन्नास ग्रेन दारूत काड्या किती असतील ते मोजायला बसलात तर शिकारीचा हंगाम उलटेल. ग्रेनचे भाषांतर करू नये, 'ग्रेन'च लिहावे. वाचकाला अंदाज हवा असेल तर गुंज आठवून द्यावी. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनचा, तोळ्याचे मासे बारा आणि माशाच्या गुंजा आठ, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनला थोडी कमी. थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसात मोठ्या जनावरासाठी १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. म्हणजे बरोबर एक तोळा! सराफाकडचा हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे, आजीच्या पाटल्यांचा ११.६६ ग्रॅमचा. ही तुलना लेखात जरूर घाला, मराठी वाचक चटकन वजन हातात धरील.

सगळ्यात मोठी चूक 'कमी ताकदीची' ही. मूळ इंग्रजीत दारू 'स्लो' असते, आणि स्लो म्हणजे दुबळी नव्हे. काडतुसातल्या दारूचा स्फोट व्हायचा नसतो, तिने जळायचे असते. ती जळते, वायू तयार होतो, वायू गोळीला पुढे रेटतो, गोळी सरकली की मागची जागा वाढते. काडतूस लहान आणि गोळी हलकी असेल तर गोळी पटकन वाट मोकळी करते. तिथे लवकर जळणारी दारू चालते, किंबहुना तीच लागते. काडतुसाचे पोट मोठे आणि गोळी जड असेल तर गोळी जागची हलायलाच वेळ घेते. अशा वेळी दारू भसकन जळली तर दाब नळीच्या सोसण्यापलीकडे जातो आणि बंदूक फुटते, तीही धरणाऱ्याच्या तोंडाशी. म्हणून तिथे सावकाश जळणारी दारू घालतात. ती जास्त प्रमाणात मावते, गोळी नळीतून धावत असताना मागून रेटत राहते, आणि शेवटी गोळीला वेग अधिकच देते. चुलीत काटक्या आणि बाभळीचा ओंडका यांत जो फरक, तसाच काहीसा.

मराठीत याला नेमके काय म्हणावे? 'जलद' आणि 'मंद' चालतील, पण 'मंद' म्हटले की आपल्याला समईची ज्योत किंवा वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा आठवतो. मला 'झटक्याची दारू' आणि 'दमाची दारू' आवडतील. 'दमाने घे' म्हणताना आपण समोरच्याला दुबळा म्हणत नाही. पिस्तुलाला झटक्याची, थ्री-नॉट-एट विंचेस्टर या काडतुसाला मधली, थर्टी-ऑट-सिक्समध्ये जड गोळी असेल तर त्याहून दमाची, मोठ्या पोटाच्या मॅग्नम काडतुसांना आणखी दमाची. एवढ्या एका जोडीत दारूच्या निवडीचे तत्त्व वाचकाला कळते.

नावांबाबत एक सूचना, तीही भाषेचीच. डब्यावर 'आयएमआर ४८३१' आणि 'एच ४८३१' अशी नावे असतात. लेखक मंडळींना आद्याक्षरे गाळून नुसते '४८३१' लिहायची खोड असते. या दोन वेगळ्या दारू आहेत आणि आयएमआर जरा झटक्याची आहे. एच म्हणजे हॉजडन. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याकडे उरलेली दारू घेऊन हौशी लोकांना विकायला सुरुवात केली, तिथून हे नाव आले. आकडा तोच आणि दारू निराळी, म्हणून एकीचे प्रमाण दुसरीला लावायचे नाही. ही अक्षरे म्हणजे आडनाव समजा. दोन सुरेश असतील तर आडनाव लिहावेच लागते.

आता न विचारलेले, पण लेखात लागणार असे. भरलेल्या मापाला इंग्रजीत 'चार्ज' म्हणतात. त्याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: 'बार'. कोकणात आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरे भातात उतरली की ते ओट्यावर बसून ती भरत. नळीत मापाने दारू, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासणे, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी. एवढे सगळे झाले की म्हणत, "बार भरला." मग दुसरा बार भरत, तो तंबाखूचा. कृती तीच: चिमूट मापून घ्यायची, मळायची आणि गालात ठासायची. 'लग्नाचा बार उडवणे' आणि 'फुसका बार' हेही याच बंदुकीतून सुटलेले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली आणि बंदुकीचे बरेच शब्द वाक्प्रचारांत जाऊन बसले, ते तिथून पुन्हा कामावर बोलवायचे.

रिकाम्या पितळी नळीला 'पुंगळी' म्हणावे. पोलिसांच्या पंचनाम्यांनी हा शब्द जिवंत ठेवला आहे. 'काडतूस' हा पोर्तुगीज 'कार्तूश'वरून आलेला, पूर्वीच्या कागदी गुंडाळीची आठवण ठेवणारा. चित्रकलेच्या परीक्षेला आपण जो कार्ट्रिज पेपर घेतो त्याचे नाव त्याच गुंडाळीवरून पडले. 'प्रायमर'ला जुना शब्द 'रंजक', पण ती बंदुकीच्या कानावर, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकावर, ओतायची सुटी दारू असे. आज बुडाशी बसवतात ती धातूची टिकली, म्हणून प्रायमरच ठेवा. दिवाळीच्या पिस्तुलातल्या टिकल्यांशी तिचे नाते सांगितले की मुलांनाही समजेल.

तर ते वाक्य मी असे लिहीन: "गोळी जड असेल तर दमाची दारू घ्यावी. बार किती ग्रेनचा भरायचा ते दारूच्या कारखान्याने छापलेल्या तक्त्यात पाहावे, सुरुवात तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून करावी, आणि डब्यावरचे नाव आद्याक्षरांसकट वाचावे."

घरच्यांना 'दारू' अजूनही नको असेल तर लेखाचे शीर्षक तेवढे बदला. मजकुरात मात्र तीच राहू द्या.