सार्डिनियाचा शिंगाच्या मुठीचा चाकू आपल्या हवेत कसा सांभाळायचा?

तुमचा प्रश्न असा की इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या पात्तादा गावाहून आणलेल्या घडीच्या चाकूवर पावसाळ्यात डाग पडले, आता उन्हाळ्यात पातं सैल वाटतंय, काय करू, आणि संग्रह वाढवायचा तर पुढचा कुठला घेऊ.

डागांचा रंग बघा आधी. करडा-निळसर असेल तर तो गंज नाहीच, कार्बन स्टीलला कांदा-लिंबू लागलं की असा रंग चढतोच आणि तो थर पात्याला थोडंफार राखतो, त्यामुळे चकचकीत करायच्या नादी लागू नका. तांबूस असेल आणि बोटाला लागत असेल तर मात्र गंज. मिनरल ऑइलचे दोन थेंब टाकून एकदम बारीक स्टील वूल हलक्या हाताने पात्याच्या लांबीत फिरवा, पुसा, परत तेलाचा हात मारा. खोबरेल किंवा ऑलिव्ह ऑइल नको, सांध्यात चिकट होऊन बसतं. आणि चामड्याच्या कव्हरात ठेवत असाल तर आजच बाहेर काढा, चामडं ओल धरतं.

सैलपणाचं कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या रामपुरीसारखा याला खटका नसतो, स्प्रिंग पण नसते, पातं नुसत्या रिव्हेटच्या, म्हणजे सांध्यातल्या ठोकलेल्या खिळीच्या, घट्टपणावर उभं राहतं. मूठ एडक्याच्या शिंगाची, आणि शिंग हवेबरोबर हलतं, कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत आकसतं, पावसाळ्यात फुगतं. म्हणून लगेच हातोडी घेऊ नका, एक पावसाळा जाऊ दे. तरी सैलच राहिला तर रिव्हेटच्या डोक्यावर अगदी हलके ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर उघडझाप करून बघायची. मूठ अखंड शिंगाची असेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या, एक ठोका जास्त पडला की शिंगाला उभी चीर जाते आणि ती परत जुळत नाही.

खरं सांगू, लोक पात्याचीच काळजी करत बसतात आणि जीव असतो मुठीत. ऊन तिरपं पडेल अशी धरून बघा, शिंगाच्या रेषा लांबीत धावतात, मध्येच मधासारखा पारदर्शक पट्टा, टोकाला काळसर. एडक्याचं शिंग मुळात वळलेलं असतं, तापवून दाबून सरळ केलेलं, त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत चाकू राहिला तर मूठ परत वळायला बघते. शिंग खाणारे किडे पण असतात, भुरकट पूड आणि बारीक भोकं दिसली की समजायचं. डबी बंद करून वर्षभर विसरू नका, अधूनमधून उघडा, सिलिका जेलची पुडी ठेवा, पण कोरडेपणाचा अतिरेक नको. आणि पाण्यात भिजत ठेवणं, डिशवॉशर वगैरे विषयच नाही.

आता पुढचा कुठला. पात्तादाचं पातं निमुळतं, जांभळाच्या कुळातल्या मर्टल नावाच्या झुडपाच्या पानासारखं, ते तुमच्याकडे आहेच. बेटाच्या नैऋत्येला आर्बुस गावचं पातं पोट सुटल्यासारखं रुंद, जनावर सोलायला सोयीचं. त्याच्याच शेजारी गुस्पिनी, मोंतेवेक्कियोच्या खाणींचा भाग, तिथल्या पात्याला टोकच नाही, छाटल्यासारखं. असं सांगतात की 1908 च्या इटालियन कायद्याने टोकदार चाकूंवर बंधनं आणली म्हणून. मी तुमच्या जागी असतो तर आर्बुसचा घेतला असता, पात्यावर कारागिराचा शिक्का असलेला, साधा. दमास्कसचं, म्हणजे थरांच्या पोलादाचं, नक्षीदार पातं दिसायला भारी, पण त्या पैशात उत्तम कारागिराच्या हातचे साधे चाकू मिळतात, आणि हे चाकू मेंढपाळांच्या खिशात चीज-पाव कापत वाढलेत, ते वापरात असलेलेच छान दिसतात. आर्बुसला सार्डिनियन चाकूंचं म्युझियम आहे, गेलात तर आधी ते बघा, तिन्ही आकार शेजारी शेजारी पाहिले की नजर बसते, मगच खरेदी.

तिकडे कुणी चाकू भेट दिला तर बदल्यात एक नाणं हातावर ठेवायचं, नाहीतर मैत्री कापली जाते असं मानतात, हे लक्षात ठेवा. आणि येताना चाकू चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नाही.